आषाढात उजाडणारे वर्ष

आपल्या लोकांना वर्षारंभाची हौस मोठी. गुढीपाडव्याला पंचांगाचे वर्ष सुरू होते, दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्यांच्या चोपड्या बदलतात, एप्रिलच्या पहिल्या तारखेला सरकारचे आणि बँकांचे वर्ष उजाडते, आणि आम्हां शिकवणाऱ्यांचे वर्ष जूनमध्ये नव्या छत्रीबरोबर उघडते. या सगळ्या पाडव्यांत आणखी एक पाडवा महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांत दरसाल न चुकता साजरा होतो. पंचांगकर्त्यांनी मात्र त्याची दखल घेतलेली नाही. तो म्हणजे १ जुलै. बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत असतो, सभागृहाच्या दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग पडलेला असतो, आणि आत एक गृहस्थ आपल्या गळ्यातली पदकांची जड माळ काढून दुसऱ्या गृहस्थांच्या गळ्यात घालीत असतात. जाणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुलीचे लग्न पार पडल्याचे समाधान, तर येणाऱ्याच्या चेहऱ्यावर मुलीचे लग्न ठरल्याची काळजी! हा रोटरी क्लबचा पदग्रहण-समारंभ.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या क्लबाची चिटणीस म्हणून मी काम पाहिले. चिटणिशीचे काम म्हणजे इतिवृत्त लिहिण्याचे, आणि मराठीच्या प्राध्यापिकेला ते चिकटवण्यात अध्यक्षांनी धूर्तपणाच दाखवला. ‘सभा वेळेवर सुरू झाली’ हे वाक्य, सभा खरोखरच वेळेवर सुरू झाल्याखेरीज लिहायचे नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला होता. वर्षभराची वही आता पुढे घेऊन पाहते, तर ते वाक्य नऊ वेळा आले आहे. बाकी जे आले आहे, त्यातले थोडे सांगण्यासारखे आहे.

रोटरीची जन्मकथा रोटेरियन मंडळी दर भाषणात सांगतात, म्हणून तिच्यातली गोडी कमी झाली आहे; पण ती मुळात चांगली आहे. पॉल हॅरिस हा तरुण वकील व्हरमाँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड नावाच्या खेड्यात आजी-आजोबांकडे वाढलेला. शिकागोत वकिली थाटली, पक्षकार मिळाले, पैसाही मिळू लागला. पण संध्याकाळी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसावे, असे घर त्या अफाट शहरात त्याला सापडेना. तेव्हा २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने आणखी तिघांना जमवले: एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनिअर आणि एक शिंपी. दरवेळी एकाच्या कचेरीत भेटायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या. असे फिरते मंडळ म्हणून नाव रोटरी. म्हणजे मुळात ही सेवेची संस्था नव्हेच. एकलेपणावरचा तो उतारा होता, आणि सभासदांनी एकमेकांना गिऱ्हाइके मिळवून द्यावीत असा त्यात सरळ व्यवहारही होता. आपल्याकडच्या भिशीला जे थोडेफार जमते, तेच.

सेवा मागून आली, आणि कशी आली तेही ऐकण्यासारखे आहे. १९०७ साली या मंडळींनी शिकागोत पहिले सार्वजनिक काम अंगावर घेतले, ते म्हणजे शौचालय बांधवून घेण्याचे. बाजारात आलेल्या माणसाला, विशेषतः बाईमाणसाला, जाण्यासारखी जागाच नव्हती; जी होती ती दारूच्या गुत्त्यांत नाहीतर मोठ्या दुकानांत. गुत्तेवाल्यांच्या बाजूने आणि दुकानदारांनीही या योजनेला विरोध केला. आडलेले गिऱ्हाईक आत येते आणि काही ना काही घेऊन बाहेर पडते, हे गणित त्यांना पक्के ठाऊक होते! या कथेचा उपयोग मला पुढे फार झाला.

आता योगायोग पाहा. त्याच १९०५ सालच्या जूनमध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजामागच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. दोन्ही संस्थांच्या नावागावात सेवा आहे. पण केवढे अंतर! गोखल्यांच्या समाजात शिरणाऱ्याने सारे आयुष्य द्यायचे, पोटापुरत्या वेतनावर राहायचे, स्वतःसाठी धन मिळवायचे नाही अशी शपथ घ्यायची. रोटरी आठवड्यातली एक संध्याकाळ मागते, आणि त्या संध्याकाळी जेवूही घालते. आमच्या पिढीने गोखल्यांचा रस्ता सोडला आणि हा सोयीचा धरला, अशी टीका मी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, आणि ती खोटी आहे असे मला म्हणवत नाही. मात्र एवढे खरे की, आयुष्य देणारी माणसे कोणत्याही काळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. उरलेल्या आपल्यासारख्यांनी, ज्यांना मुलांच्या शिकवण्या आहेत, घराचे हप्ते आहेत, सासूबाईंची औषधे आहेत, त्यांनी काय करायचे? एक संध्याकाळ तर द्यावी!

या संध्याकाळीही साध्या नसतात. घंटा वाजते, राष्ट्रगीत होते, आठवड्यात ज्यांचे वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस येऊन गेले त्यांना टाळ्या मिळतात. मग हर्बर्ट टेलरच्या चार प्रश्नांची कसोटी म्हटली जाते. जे बोलतो-करतो ते खरे आहे का, सगळ्यांना न्याय देणारे आहे का, त्याने स्नेह वाढेल का, आणि त्यात सर्वांचे भले आहे का, असे ते चार प्रश्न. १९३२ साली शिकागोतली एक बुडत चाललेली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरताना टेलरने ते आपल्या नोकरवर्गासाठी लिहिले होते. आमच्यातले भांड्यांचे व्यापारी सभासद ही कसोटी सगळ्यांत मोठ्याने म्हणतात. शिस्त राखायला एक सर्जंट-अ‍ॅट-आर्म्स असतो. उशिरा येणारा, कोटाला बिल्ला न लावणारा, भाषण चालू असताना फोनवर बोलणारा, अशा सगळ्यांकडून तो पत्र्याच्या पेटीत दंड जमा करतो. आमचा सर्जंट हा एक छायाचित्रकार. तो इतका तत्पर, की वर्तमानपत्रात ज्याचा फोटो आला त्यालाही दंड, आणि ज्याचा कापला गेला त्यालाही दंड.

‘तुम्ही लोक खाता किती आणि देता किती?’ हा प्रश्न मला नातेवाइकांत नेहमी विचारला जातो. जेवणाचे पैसे ज्याचे त्याने वेगळे भरायचे असतात, हे उत्तर देऊन झाले, तरी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. मला या पंक्तीकडे पाहताना दुसरेच काही आठवते. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांनी १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस मंडळी काढली. जातिभेद मानायचा नाही, हे त्यांचे ब्रीद. पण सगळे गुप्त. दारे लावून घ्यायची आणि परजातीच्या हातचा पाव खायचा, ही तिथली दीक्षा. १८६० साली मंडळीचे कागदपत्र चोरीला गेले, नावे फुटणार म्हणताच सभासद घाबरले आणि मंडळी विखुरली. पाव खाल्ल्याचे उघडकीला येईल, एवढ्या भीतीने एक चळवळ संपली! आमच्या क्लबात चर्मालयाचे मालक, देवळाचे विश्वस्त, अत्तरवाले बोहरी आणि एक निवृत्त फौजदार एका टेबलाशी बसून सार भुरकतात, त्याची कुणाला बातमीही वाटत नाही. जात तिथे मेली आहे असे मी म्हणत नाही. सोयरिकीच्या गोष्टी निघाल्या की ती कोपऱ्यातून बरोबर डोके वर काढते. पण ताटाशी तरी ती बसत नाही.

दुसरी एक पंगत मात्र रोटरीने फार उशिरा मांडली. कॅलिफोर्नियातल्या ड्वार्टे नावाच्या लहानशा गावच्या क्लबाने तीन स्त्रियांना सभासद करून घेतले, म्हणून १९७८ साली त्या क्लबाची सनदच काढून घेण्यात आली. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला, आणि १९८९ साली रोटरीने आपली घटना सगळ्या जगासाठी बदलली. तोपर्यंत आम्हां बायकांची जागा ‘अ‍ॅन’ म्हणून. १९१४ साली ह्यूस्टनच्या अधिवेशनाला आलेल्या दोघा सभासदांच्या पत्नींचे नाव अ‍ॅन होते म्हणे, तेव्हापासून साऱ्या रोटेरियनांच्या बायका अ‍ॅन आणि मुले अ‍ॅनेट. आजही कुठल्या समारंभात मी दिसले, की पाहुणे प्रेमाने विचारतात, ‘आपण कुणाच्या मिसेस?’ मी माझ्या यजमानांचे नाव सांगते. ते बँकेत आहेत आणि रोटरीत नाहीत, हे कळले की पाहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आमच्या घरात अ‍ॅन ते आहेत. संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांना वाणही मिळाले.

वर्षातले पुष्कळसे कार्यक्रम ठरलेले असतात, ते भराभर सांगून टाकते. जुलैत वृक्षारोपण, तेही बरेचदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात. ऑगस्टमध्ये वह्यावाटप, एक वही, एक मुलगा आणि त्या वहीला हात लावून उभे असलेले अकरा सभासद, असा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. सप्टेंबरात शिक्षकांचे सत्कार, दिवाळीत वृद्धाश्रमात फराळ. डोळ्यांची शिबिरे आमच्या गावात लायन्स क्लब घेतो. तो त्यांचा वारसाच आहे. १९२५ साली हेलन केलरने त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी झटण्याचे आवाहन केले, तेव्हापासून तो चालत आला आहे. रोटरीचा तसाच वारसा पोलिओचा.

पोलिओच्या रविवारी मी पहिल्यांदा बूथवर बसले, ती एस.टी. स्टँडवर. निळी शीतपेटी, तिच्यात बर्फाच्या वड्या, त्यांच्यामध्ये लशीच्या इवल्या कुप्या. कुपीच्या चिठ्ठीवर एक वर्तुळ असते आणि वर्तुळात एक चौकोन. चौकोन फिकट आहे तोवर लस चांगली. उष्णतेने त्याचा रंग वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. वाचता न येणाऱ्यालाही कळावी, अशी ही युक्ती पाहून मला तिच्या कर्त्याला नमस्कार करावासा वाटला. दोन थेंब जिभेवर आणि डाव्या करंगळीच्या नखावर शाई. मग पुढचे काही दिवस घरोघर फिरून, राहिलेली मुले शोधायची. ज्या घरातली सगळी झाली त्याच्या दारावर खडूने ‘पी’, जिथे एक जरी राहिले तिथे फुली. काम आरोग्य खात्याच्या परिचारिकांचे आणि आशाताईंचे. आम्ही त्यांचे हरकाम्ये. गाडी द्यायची, चहा द्यायचा, ऊसतोडीच्या तांड्यावर सकाळी फडात जाण्याआधी पोहोचायचे, कारण नंतर पालांत फक्त म्हातारी आणि कोंबड्या उरतात.

माझ्या प्राथमिक शाळेच्या वर्गात दाराजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. पायात लोखंडी पट्ट्या, म्हणून जागा दाराजवळ. मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या चपला राखायचे काम तिच्याकडे असे, आणि आम्हांला त्यात काही वावगे वाटत नसे. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, अशी एक मुलगी किंवा एक मुलगा प्रत्येकाच्या वर्गात होता. माझ्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा ‘पोलिओ म्हणजे नक्की काय होतं?’ असे त्याने विचारले. त्याच्या वर्गात तसे कुणी नाही.

आकडे बोलके आहेत. रोटरीने १९८५ साली १२ कोटी डॉलर जमवण्याचा संकल्प सोडला आणि तीन वर्षांत त्याच्या दुपटीहून अधिक जमवले. १९८८ साली जगात १२५ देशांत हा रोग होता, वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मुले त्याच्या तावडीत सापडत. भारताकडून तर भल्याभल्यांनी आशा सोडली होती. २००९ साली आपल्याकडे ७४१ रुग्ण सापडले. २०१० साली ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला तो झाला, ती शेवटची. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे, म्हणून आपले थेंब थांबलेले नाहीत. एकट्या रोटरीने हे केले असे म्हणणे म्हणजे गोवर्धन पेंद्याने उचलला म्हणण्यासारखे आहे. पण पेंद्याची काठी तिथे होती.

गेल्या वर्षी मात्र आमच्या क्लबाचे खरे पाणी जोखले गेले ते दुसऱ्याच कामात. गावाच्या कडेला पाचवी ते दहावीची एक शाळा आहे. मुली बऱ्याच, शौचालयाच्या खोल्या दोन. त्यांतली एक शिक्षकांसाठी कुलूपबंद, दुसरीला आतून कडी नाही. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, मधल्या सुट्टीनंतर घरी जातात त्या परत येत नाहीत, आणि महिन्यातले चार दिवस तर येतच नाहीत. आमच्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी शाळेत तपासणी केली आणि सभेत उभ्या राहून, शब्द न चावता, मूत्रमार्गाच्या विकारांबद्दल सांगितले. अध्यक्षांच्या मनात चौकात घड्याळाचा मनोरा बांधायचा होता. मी शौचालयांचा ठराव मांडला.

एकदम शांतता पसरली. मग एक जण म्हणाले, ‘म्हणजे रोटरीचं चक्र काय संडासावर लावायचं?’ मी शिकागोची १९०७ सालची गोष्ट सांगितली. भाषणात शंभरदा ऐकलेल्या पॉल हॅरिसचे हे पहिले पुण्यकर्म बऱ्याच जणांना नवेच होते. मनोरा तिथेच कोसळला. पण खरा आक्षेप आला तो आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांकडून, धान्याच्या आडतवाल्या काकांकडून. ‘बांधाल तुम्ही. धुणार कोण?’ गावात आजवर निरनिराळ्या दात्यांनी बांधलेली तीन शौचालये त्यांनी जागेसकट सांगितली. तिन्हींना कुलूप, तिन्हींवर संगमरवरी पाटी. तरुण मंडळींना हा कंजूषपणा वाटला. कुणीतरी तसे बोललेही. काका उठले, छत्री घेतली आणि निघून गेले.

तीन आठवडे ते आले नाहीत. ज्याला आम्ही फेलोशिप म्हणतो, आणि ज्याला मराठीत नुसते स्नेह म्हटले तर पुरे, त्याची किंमत मला तेव्हा कळली. एरवीच्या समितीत सभासद रुसला की जागा भरतात. इथे चौथ्या आठवड्यात आमचा छायाचित्रकार सर्जंट पत्र्याची पेटी घेऊन काकांच्या आडतीवर गेला. ‘काका, तीन गैरहजेऱ्यांचा दंड!’ म्हणून त्याने पेटी गल्ल्यापुढे धरली. काकांनी दंड भरला, दोन किलो ज्वारी त्याच्या पिशवीत घातली, आणि वर एक कागद दिला. त्या कागदावर, वहीखात्याच्या मोडीवळणी अक्षरात, शौचालयाचा हिशेब होता. सफाई करणाऱ्या बाईंचा महिन्याचा पगार, फिनेल, खराटा, मोटरीचे वीजबिल, नळाची दुरुस्ती. बांधकामाचा आकडा त्यात नव्हताच. तळाशी लिहिले होते: ‘पाचाऐवजी तीन खोल्या. दोन खोल्यांची रक्कम मुदतठेवीत. व्याजातून पगार.’

ठराव याच दुरुस्तीने मंजूर झाला, आणि तो मी वहीत लाल शाईने लिहिला आहे.

बांधकाम सुरू होण्याआधी डॉक्टरबाई आणि मी आठवी-नववीच्या मुलींशी बोललो. इंजिनिअर सभासदांच्या नकाशात नसलेल्या तीन गोष्टी मुलींनी मागितल्या: कडी आतून आणि घट्ट, दप्तर, ओढणी अडकवायला खुंटी, आणि हात धुण्याच्या जागी आरसा. झाकणाची बादली आणि पॅड जाळायची छोटी भट्टी या गोष्टी आम्हीच घातल्या. कडीखुंटी ताबडतोब मान्य झाली. आरशावर मात्र अर्धा तास चर्चा! ‘आरसा कशाला? मुली तिथंच रेंगाळतील.’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘रेंगाळू देत की. ज्या जागेत माणूस रेंगाळू शकतं, ती जागा स्वच्छ असते.’ आरसा बसला. उद्घाटनाच्या फितीचा प्रश्न नाजूक होता. मोठ्या पाहुण्यांना शौचालयापुढे उभे करावे की नाही, यावर अध्यक्षांनी दोन रात्री काढल्या. शेवटी पाहुणेच आले नाहीत. पाचवीतल्या एका मुलीला खरोखरच घाई होती. ती फितीखालून वाकून आत गेली, आणि समारंभ झाला.

एप्रिलमध्ये नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागले, मेमध्ये तेही नाही. शाळा सुटेपर्यंतचे दिवस काढायला बांधकाम कंत्राटदार सभासदांनी टँकर दिला, चर्मालयवाल्यांनी विहीर. जूनमध्ये मुख्याध्यापिकाबाईंनी हजेरीपट दाखवायला मला मुद्दाम बोलावून घेतले. मधल्या सुट्टीनंतरच्या रकान्यांवरून त्या बोट फिरवीत होत्या.

रोटरीच्या घटनेतला मोठा दोष म्हणजे हे एका वर्षाचे राज्य. माळ गळ्यात पडली, की प्रत्येक अध्यक्षाला आपले असे एक नवे काम हवे असते. मागच्याने लावलेल्या झाडाला पाणी घालण्यात कुणाचा फोटो येत नाही. यंदाच्या अध्यक्षांना रस्ता-सुरक्षेचे वेड आहे, आणि ते कामही निकडीचे आहे. तशात ठेवीचे व्याज कमी पडू लागले. सफाईच्या बाईंचा पगार वाढवायला हवा होता, तो ठेवीच्या व्याजात बसेना. जुलैच्या दुसऱ्या सभेत काकांनी पुन्हा कागद काढला. या वेळी त्यांनी मागितली ती पत्र्याची पेटी. दंडाचे पैसे आजवर वर्षअखेरच्या सहलीत जात. सहल बंद करायची म्हटल्यावर कुरकुर झाली, थोडी माझीही. मतदान झाले, आणि ठराव दोन मतांनी मंजूर झाला.

दिवाळीपूर्वीच्या सभेत सर्जंटने पेटी टेबलावर उपडी केली. पगाराची तूट भरून निघाली. बाईंना दिवाळीसाठी लुगड्याचे पैसे द्यायचे, तर दोनशे रुपये कमी पडत होते. सर्जंटने सभागृहावरून नजर फिरवली, आणि सभा वेळेवर सुरू झाली नव्हती, या कारणासाठी अध्यक्षांसकट सगळ्यांना दहा-दहा रुपये दंड केला.